चिकट जिवाणू आणि चांदीचे कण: कामाच्या नोंदी

९ जून

मागच्या प्रोजेक्टची वही बफरमध्ये भिजली, शाई पसरली आणि तीन महिन्यांचं काम वाचता येईना, तेव्हाच ठरवलं की इथून पुढे सगळं टाईप करून ठेवायचं. सुंदर नाही जमलं तरी चालेल, नंतर कुणाला कळलं म्हणजे झालं.

तर विषय. बरेच जिवाणू स्वतःभोवती साखरेचा चिकट थर सोडतात. साखर म्हणजे चमच्यातली नाही, साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. लॅबमध्ये सगळे ईपीएस म्हणतात, मी पण तेच लिहीन. घरी सांगितलं की जिवाणूंच्या शुगरवर काम करतेय तर आत्या म्हणाली, अगं बाई, त्यांना पण शुगर झाली का. असो. प्रश्न असा की चांदीचे नॅनोकण, जे मोजे, बँडेज, पाण्याचे फिल्टर असल्या गोष्टींत जंतू मरावेत म्हणून घालतात, ते या चिकट थराला भिडले की काय होतं. 'ईपीएस जिवाणूंना वाचवतं' हे वाक्य इतक्या पेपरांत वाचलंय की आता डोळे त्यावरून घसरतात. वाचवतं म्हणजे करतं काय? कण अडवतं, चांदी शोषून घेतं, का नुसताच गुंता करतं आणि आपल्याला वाटतं वाचवलं?

जिवाणू ठरलाय सिनोरायझोबियम मेलिलोटी, स्ट्रेन आरएम १०२१. लसूणघासाच्या मुळांवर गाठी करून हवेतला नायट्रोजन पकडतो तो. याचीच निवड का, तर याची साखर अगदी ओळखीची आहे, सक्सिनोग्लायकन, आठ साखरांचा एक तुकडा (सात ग्लुकोज आणि एक गॅलॅक्टोज), त्याला सक्सिनिल, असेटिल, पायरुव्हिल अशा शेपट्या, आणि तोच तुकडा परत परत जोडत जायचा. शिवाय आपल्याकडे एक्सोवाय जीन मोडलेला म्यूटंट आहे. पहिलं गॅलॅक्टोज बसवायचं काम त्या जीनचं, ते बसलं नाही की पुढची साखळी सुरूच होत नाही. आणि १०२१ मध्ये एक्सपीआर हा जीन मुळातच मोडका, त्यामुळे दुसरी साखर नेहमीच्या वाढीत तो करत नाही. थोडक्यात एकच साखर, आहे किंवा नाही. इतकं सरळ मॉडेल परत मिळायचं नाही.

आज कॅल्कोफ्लोरच्या प्लेटी ओतल्या, ०.०२ टक्के. हा रंग सक्सिनोग्लायकनला चिकटतो आणि यूव्हीखाली चमकतो. फ्रीझरमधून दोन्ही स्ट्रेन काढून स्ट्रीक केले, ३० अंशाला ठेवले.

१२ जून

लाईट बंद केली, यूव्ही दिवा लावला आणि अर्धी प्लेट निळसर हिरवी पेटली, उरलेली अर्धी काळीच. वाइल्ड टाइप (जीन न मोडलेला मूळ स्ट्रेन) चमकतोय, म्यूटंट अंधारात. ज्युनिअरला बोलावून दाखवलं, ती म्हणाली ताई फोटो काढा ना, काढला पण फोटोत काही मजा आली नाही.

साध्या उजेडातही फरक दिसतो म्हणा. वाइल्डची कॉलनी (प्लेटवर एका जागी वाढलेला पेशींचा ठिपका) ओली, फुगलेली, लूपने उचलली की तार सुटते. म्यूटंटची कॉलनी बसकी. १९२८ मध्ये ग्रिफिथने न्यूमोकोकसच्या गुळगुळीत आणि खरबरीत कॉलन्यांवर जे काम केलं त्यात पण फरक साखरेच्या कवचाचाच होता, कवचवाला जिवाणू उंदीर मारायचा, बिनकवचाचा नाही. त्या कवचाचा मान तेव्हापासून आहे. आपलं सक्सिनोग्लायकन मात्र तसं घट्ट कवच नाही, बरंचसं सुटून द्रवात जातं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरेल असं आत्ता उगाचच वाटतंय.

१६ जून

साखर काढायचा पहिला प्रयत्न. पाच दिवसांचं कल्चर इतकं दाट झालंय की सेंट्रिफ्यूज करून पेशी खाली बसेनात, अर्धा तास फिरवलं तरी वर ढगाळच. शेवटी निम्मं पाणी घालून पातळ केलं, परत फिरवलं, तेव्हा कुठे पेलेट आलं. वरचं पाणी काढून त्यात तिप्पट थंडगार इथेनॉल. हा भाग मला कितीही वेळा बघायला आवडेल: ओतल्या ओतल्या काही होत नाही, मग हळू हलवलं की पांढरे धागे दिसायला लागतात, एकमेकांना धरतात, आणि काचेची कांडी फिरवली की सगळा गुंता कापसाच्या वातीसारखा तिला गुंडाळून वर येतो. रात्रभर चार अंशाला, उद्यापासून डायलिसिस, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून लहान रेणू पाण्यात धुवून काढायचे.

१९ जून

डोक्याला शॉट.

साखर मोजायची पद्धत फिनॉल सल्फ्युरिक ॲसिडची, १९५६ पासून सगळे वापरतात. नमुना, पाच टक्के फिनॉल, वरून कडक ॲसिड धडाक्यात सोडायचं, नळी भाजेल इतकी तापते, पिवळा नारिंगी रंग येतो, तो ४९० नॅनोमीटरला वाचायचा. साखर जास्त तर रंग जास्त. पण आज ब्लँकलाच रंग आला. म्हणजे ज्या नळीत नुसतं पाणी होतं तिच्यात. तीनातल्या दोन नळ्यांत, तिसरी स्वच्छ.

दुपार गेली शोधण्यात. कारण निघालं टिश्यू पेपर. नळ्या धुवून मी आतून टिश्यूने पुसल्या होत्या, त्याचा बारीक लव आत राहिला, आणि टिश्यू म्हणजे सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच की. ॲसिडला काय, झाडाची साखर का जिवाणूची साखर, त्याला सगळं सारखंच. इथून पुढे नळ्या उलट्या ठेवून वाळवायच्या, आत काहीही घालायचं नाही.

२४ जून

लवाचा प्रश्न सुटला पण भानगड संपली नाही. म्यूटंटच्या कल्चरमधून पण साखर निघतेय! थोडी नाही, चांगली वाइल्डच्या एक तृतीयांश. वाटलं म्यूटंटच बाद, पण कॅल्कोफ्लोर प्लेटवर तो अजूनही काळाच.

मग मॅडम म्हणाल्या, जिवाणू न घालता नुसत्या मीडियमला (ज्यात जिवाणू वाढवतो ते खाद्याचं पाणी) इथेनॉल घालून बघितलंस का? नव्हतं बघितलं. बघितलं, तर त्यातही पांढरा साका बसला. मीडियममध्ये यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आहे आणि यीस्टच्या भिंतीत मॅनन असतं, ती पण लांब साखळीची साखरच, इथेनॉलमध्ये ती पण खाली बसते, डायलिसिसच्या पिशवीतून ती पण बाहेर जात नाही. म्हणजे आठवडाभर मी जिवाणूच्या साखरेत यीस्टची साखर मिसळून मोजत होते. आणि किती पेपरांत यीस्ट एक्स्ट्रॅक्टच्या मीडियममधून ईपीएस काढलंय ते आता बघवत नाही.

१ जुलै

मिनिमल मीडियमवर आले, म्हणजे मोजके क्षार आणि खाद्य, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट नाही. वाढ हळू आहे, पण नुसत्या मीडियमचा ब्लँक स्वच्छ आणि म्यूटंट जवळपास शून्य. हुश्श.

८ जुलै

चांदी आली. २० नॅनोमीटरचे कण, सायट्रेटचा थर दिलेले. पिवळंधमक पाणी, चांदी पिवळी असते हे अजून कुणाला खरं वाटत नाही. स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या लांबीचा उजेड किती शोषला जातो त्याचा आलेख) ४०० नॅनोमीटरच्या आसपास छान टोकदार शिखर, ही चांदीच्या कणांची खूण.

बसल्या बसल्या गणित केलं. लिटरमागे एक मिलिग्रॅम चांदी म्हटलं तर फारच कमी वाटतं, पण २० नॅनोमीटरचे कण धरले तर एका मिलिलिटरमध्ये साधारण २३ अब्ज कण होतात. माझ्या नळीत मिलिलिटरमागे एक कोटी पेशी. म्हणजे एका पेशीच्या वाट्याला दोन हजारांवर कण, आणि एका कणात अडीच लाखाच्या जवळ चांदीचे अणू. हा हिशोब डोक्यात असला की 'कण पेशीला गाठतो का' हा प्रश्न जरा वेगळाच दिसायला लागतो, सगळे अडवायचे म्हटले तर साखरेला केवढं काम.

मग थोडं पिवळं पाणी माझ्या मीडियममध्ये टाकलं आणि पाच मिनिटांत ते करडं झालं. कण एकमेकांना चिकटले. मीडियममध्ये कॅल्शियम आहे, ते सायट्रेटचा ऋण भार मारून टाकतं आणि कण मग एकमेकांना ढकलत नाहीत. गंमत म्हणजे ज्या नळीत आधी थोडं ईपीएस घातलं होतं ती संध्याकाळपर्यंत पिवळीच राहिली. साखर कणांना गुंडाळून वेगळं ठेवतेय. आता हे वाचवणं झालं का? उलटं पण असू शकतं: कण सुटे राहिले तर पृष्ठभाग जास्त, पृष्ठभाग जास्त तर चांदी जास्त विरघळणार, म्हणजे साखर जिवाणूच्याच गळ्याला फास. तपासायच्या यादीत टाकलं.

११ जुलै

पहिलं मारण्याचं प्रयोगसत्र. काहीही मेलं नाही. दोन्ही स्ट्रेन ठणठणीत, दहापट चांदी घातली तरी. सिल्व्हर नायट्रेटचा कंट्रोल (तुलनेची नळी, त्यात कण नाहीत, विरघळलेली चांदी म्हणजे आयन, त्याने मरायलाच हवं) पण फुकट, आणि तिथे मला कळायला हवं होतं.

क्लोराइड. मीडियममध्ये कॅल्शियम क्लोराइड आणि वर थोडं मीठ. चांदीचा आयन सुटला की क्लोराइड त्याला पकडून सिल्व्हर क्लोराइड करतं आणि ते जवळजवळ विरघळतच नाही. म्हणजे मी विष देत होते आणि बाजूला उतारा पण ठेवत होते. बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये पांढरा साका बघून 'क्लोराइड आहे' असं लिहिलेलं, आणि इथे विसरले. कॅल्शियम नायट्रेट मागवलं, फॉस्फेट कमी केलं, बफर हेपेस.

२२ जुलै

नवीन मीडियम, नवीन सत्र. पेशी वाढवायच्या नाहीत, नुसत्या दोन तास चांदीबरोबर ठेवायच्या, मग सिस्टीन घालून उरलेली चांदी बांधून टाकायची (नाहीतर ती प्लेटवर जाऊन तिथेही मारत राहते) आणि कॉलन्या मोजायच्या. ओडीवर (द्रवाच्या गढूळपणावरून पेशी मोजणं) विश्वास ठेवायचा नाही हे आधीच ठरलंय, कण स्वतःच उजेड खातात आणि मेलेली पेशी पण ओडीत जिवंतासारखीच दिसते.

निकाल बघून खुर्चीतच उडी मारली. म्यूटंटच्या प्लेटी जवळपास रिकाम्या, वाइल्डच्या भरलेल्या. शंभरपटीचा फरक. लगेच मॅडमना मेसेज.

२३ जुलै

मॅडमचं उत्तर: छान. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यास का?

नाही.

५ ऑगस्ट

बघितल्या. वाइल्डच्या पेशी एकट्या नाहीतच, दहा दहा वीस वीसच्या गोळ्यांनी फिरतात, म्यूटंटच्या मात्र सुट्या. आता यात गोम काय ते नीट लिहून ठेवते कारण मला समजायला दोन दिवस लागले. कॉलनी पेशीतून येत नाही, जे काही एकत्र प्लेटवर पडतं त्यातून येते. वीस पेशींच्या गोळीतल्या अठरा मेल्या आणि दोन उरल्या तरी कॉलनी एकच, आणि चांदी घालण्याआधी पण त्या गोळीची कॉलनी एकच होती. म्हणजे आधी एक, नंतर एक, हिशोबात शंभर टक्के जिवंत! नव्वद टक्के मेले तरी प्लेटला पत्ता नाही. सुट्या म्यूटंटला ही सवलत मिळत नाही, त्याचा प्रत्येक मृत्यू मोजला जातो.

मग गोळ्या फोडायच्या मागे लागले. व्होर्टेक्सने (नळी गरगर हलवणारं यंत्र) नाही फुटत. बारीक सुईतून दहा वेळा आत बाहेर केलं की बऱ्याच फुटतात, मरत नाहीत (म्यूटंटवर करून बघितलं, आकडा तोच राहिला). आता दोन्ही स्ट्रेन, चांदीच्या आधी आणि नंतर, सुईतून काढूनच प्लेट.

फरक शंभरपटीवरून दहापटीच्या आसपास आला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण उरलेला दहापट तीन वेळा केला तरी तसाच येतोय.

१९ ऑगस्ट

धुण्याचा प्रयोग. वाइल्डच्या पेशी दोनदा बफरने धुतल्या, म्हणजे द्रवातली सुटी साखर गेली, पेशीला घट्ट बसलेली राहिली. मग चांदी.

धुतलेला वाइल्ड जवळपास म्यूटंटसारखाच मेला.

तेच पाणी, ज्यात पेशी आधी होत्या, गाळून परत घातलं तर परत वाचला. म्हणजे पेपरांमधल्या चित्रात जो दाखवतात ना, पेशीभोवती जाड हिरवा कोट आणि त्यावर आपटणारे राखाडी गोळे, तसलं काही इथे होत नाहीये. काम करतोय तो आजूबाजूचा चिखल. चिलखत नव्हे, खंदक म्हणा हवं तर.

२ सप्टेंबर

म्यूटंटला बाहेरून शुद्ध ईपीएस दिलं, तोही वाचतो. जास्त दिलं तर जास्त वाचतो. आनंद, पण लगेच शंका: माझं 'शुद्ध' किती शुद्ध? ब्रॅडफर्ड (प्रोटीन मोजायची चाचणी) केलं तर थोडं प्रोटीन निघालंच. आणि चांदीला प्रोटीनमधला सल्फर भयंकर आवडतो, पेशी मारते तीसुद्धा मुख्यतः तशीच, एन्झाइममधल्या सल्फरच्या गटांना धरून. मी साखरेच्या नावाने प्रोटीनचं श्रेय लाटत असले तर? प्रोनेज हे एन्झाइम लावून प्रोटीन कापलं, परत डायलिसिस, परत इथेनॉल. एक आठवडा. वाचवण्याची ताकद थोडी कमी झाली पण राहिली.

बरोबरीने विकतच्या दोन साखरा घेतल्या. डेक्स्ट्रान, जी ल्युकोनोस्टॉक करतो, तिच्यावर भार नाही. झँथन, झँथोमोनासची, तिच्यावर ग्लुकुरोनिक ॲसिड आणि पायरुव्हेटमुळे ऋण भार. दाटपणा दोन्हींचा साधारण सारखा पडेल अशा बेताने घातल्या, झँथन अगदी चिमूटभर पुरतं. डेक्स्ट्रानने काहीच केलं नाही. झँथनने वाचवलं. म्हणजे नुसता दाटपणा पुरत नाही, भार हवा, ऋण गटांनी धन चांदी धरायला हवी. एकदाच केलंय, परत करायचंय, तोवर कुणाला सांगायचं नाही.

१८ सप्टेंबर

आजची नोंद माझ्या एका चुकीबद्दल आहे आणि आजवरची सगळ्यात भारी पण.

सिल्व्हर नायट्रेट अधिक ईपीएस, ही कंट्रोलची नळी मागच्या शुक्रवारी रॅकमध्ये खिडकीशी राहून गेली. कण नाहीत, नुसते आयन, पाण्यासारखं पारदर्शक असायला हवं. आज उचलली तर तपकिरी पिवळी. फेकून देणार होते, हात सिंकपर्यंत गेला होता. मग सहज स्पेक्ट्रम घेतला. ४२० च्या जवळ शिखर.

ईपीएसने आयनांपासून चांदीचे नॅनोकण बनवले होते. मी ज्याला 'बिनकणांचा कंट्रोल' म्हणत होते त्यात माझ्या नाकाखाली कण तयार होत होते. साखळीच्या टोकांना जे अल्डिहाइडसारखे गट असतात ते आयनाला इलेक्ट्रॉन देऊन धातू करतात, उजेडाने अजून जोर येतो. वाचायला बसले तर हे २०१४ मध्येच छापून आलेलं आहे, ईपीएस चांदीच्या आयनाला कण बनवून त्याचा विषारीपणा घालवतं म्हणून. मी तो पेपर डाउनलोड केलेला होता. फोल्डरमध्ये होता. उघडलेला नव्हता.

पण यामुळे चित्र किती बदललं बघा. आपण म्हणत होतो कण हा शत्रू आणि साखर त्याला अडवते. २०१२ मध्ये अल्वारेझ या संशोधकाच्या गटाने ऑक्सिजन काढून टाकून दाखवलं होतं की कणातून आयन सुटूच दिला नाही तर नुसता कण जवळपास निरुपद्रवी असतो. म्हणजे खरा मारेकरी आयन. आणि साखर मारेकऱ्याला परत कणात कोंबतेय.

इथून पुढे सगळ्या नळ्या फॉइलमध्ये, आणि प्रत्येक सत्रात एक उजेडातली एक अंधारातली.

२५ सप्टेंबर

अंधारात दोन तासांत शिखर दिसत नाही. वाचवणं मात्र अंधारातही होतं. म्हणजे दोन तासांच्या प्रयोगात मुख्य काम आयन धरून ठेवण्याचं, कण बनवणं हा नंतरचा, दिवसांच्या हिशोबातला प्रकार. दोन्ही वेगळे लिहावे लागणार.

३० सप्टेंबर

विरघळलेली चांदी मोजायची म्हणून बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून गाळून खालचं पाणी आयसीपी-एमएसला (अगदी थोडा धातूही मोजणारं यंत्र) दिलं. आधी नुसतं सिल्व्हर नायट्रेट गाळलं, माहीत असलेलं, तर खाली आली फक्त निम्मी. उरलेली फिल्टरलाच चिकटली. नळीच्या भिंतीला पण चिकटते, विशेषतः काचेला. फिल्टर आधी सिल्व्हर नायट्रेटने भिजवून, धुवून मग वापरला तर बरं येतं. ईपीएस असलं की फिल्टर तुंबतो, पाऊण तास लागतो गाळायला, त्या पाऊण तासात अजून काय काय होत असेल देव जाणे. आकडे घेतले, पण त्यांच्यावर माझा जीव नाही.

१४ ऑक्टोबर

क्रम बदलून बघितला. एका नळीत आधी साखर मग चांदी, दुसरीत आधी चांदी आणि दहा मिनिटांनी साखर. दुसरीतले वाचले नाहीत, म्हणजे अगदी थोडे. दहा मिनिटांत सगळं संपलेलं असतं. मी दोन दोन तास कशाला थांबत होते.

जुलैतली ती शंका, सुटे कण जास्त विषारी का, तीही यातच थोडी तपासली गेली: फारच कमी ईपीएस घातलं, इतकं की कण सुटे राहतील पण आयन धरायला पुरणार नाही, तर म्यूटंट बिनसाखरेच्या नळीपेक्षा जरा जास्तच मेला. फरक लहान आहे, तीनदा केला, तिन्ही वेळा त्याच बाजूला. मॅडमनी या आलेखाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, हा पेपरात पहिला टाकायचा. मला वाटत होतं परिशिष्टात जाईल.

२७ ऑक्टोबर

वाट लागली. म्यूटंटच्या प्लेटवर मध्येच ओल्या चमकत्या कॉलन्या. ज्युनिअरचा चेहरा उतरला, तिला वाटलं तिच्याकडून झालं. तिच्याकडून नाही, स्प्रेडर मी जाळला नव्हता, वाइल्डवरून थेट म्यूटंटवर आले होते, घाईत. दोन्ही स्ट्रेन स्ट्रेप्टोमायसिन सहन करतात त्यामुळे त्या प्लेटवर काही कळत नाही, म्यूटंटला ट्रान्सपोझॉनमुळे (जीन मोडायला त्यात घुसवलेला डीएनएचा तुकडा) निओमायसिन चालतं, वाइल्डला नाही, म्हणून आता म्यूटंट नेहमी निओमायसिनच्या प्लेटवर पण टाकून बघायचा. दोन आठवड्यांचे आकडे रद्द. खोडले नाहीत, बाजूला 'वापरू नये' लिहिलंय.

११ नोव्हेंबर

खऱ्या जगाचा प्रश्न मॅडमनी काढला आणि तो टाळता येत नाही. मोज्यातली चांदी धुण्याच्या पाण्यातून सांडपाण्यात जाते, तिथल्या गाळात सल्फाइड भरपूर, आणि शेतात पोचेपर्यंत ती बहुतेक सिल्व्हर सल्फाइड झालेली असते. ते तर क्लोराइडपेक्षाही कितीतरी कमी विरघळतं. मी वापरतेय ताजी, पिवळी, स्वच्छ चांदी, जी रायझोबियमला शेतात कधी भेटतच नसेल.

म्हणून कणांना सोडियम सल्फाइड दिलं, पिवळा रंग जाऊन तपकिरी काळपट झाला, धुतले, आणि दोन्ही स्ट्रेनना घातले. दोन तास, मग चोवीस तास. काही नाही. वाइल्ड जिवंत, म्यूटंट जिवंत, दोन सपाट रेघा एकमेकींवर. इतका कंटाळवाणा आलेख मी आजवर काढला नव्हता, आणि पाच महिन्यांच्या साखरेच्या कथेवर तो पाणी ओततो हेही खरं. तरी आत ठेवणार.

२० नोव्हेंबर

मसुदा. मी पहिल्या ओळीत लिहिलं होतं 'ईपीएस जिवाणूंना चांदीच्या नॅनोकणांपासून वाचवतं'. मॅडमनी त्यावर लाल रेघ मारून बाजूला लिहिलं: कुठलं, किती, कधी दिलेलं? आता वाक्य साडेचार ओळींचं झालंय, वाचताना धाप लागते. त्यात सुटी साखर आहे, ऋण भार आहे, दहा मिनिटं आहेत, कमी साखरेचा उलटा परिणाम आहे.

झाडांचं काम राहिलं. एक्सोवाय म्यूटंट लसूणघासाला गाठी करतो पण त्या रिकाम्याच राहतात, साखरेशिवाय त्याला मुळाच्या आत जाताच येत नाही, हे १९८५ पासून माहीत आहे. म्हणजे जर साखर चांदी धरण्यात खर्च झाली तर आत जायला उरते का, हा प्रश्न आता ज्युनिअर घेतेय. मला हा प्रश्न माझ्या सगळ्या आलेखांपेक्षा जास्त आवडलाय आणि थोडा हेवाही वाटतोय.

तिच्यासाठी: दोन्ही स्ट्रेन उणे ८० च्या तिसऱ्या रॅकमध्ये, निळी पेटी, म्यूटंटच्या झाकणावर काळा ठिपका. कॅल्कोफ्लोरचा साठा फॉइलमध्ये गुंडाळलेला आहे, उघडा ठेवू नकोस. यीस्ट एक्स्ट्रॅक्टचा डबा मी मुद्दाम वरच्या फळीवर मागे ढकललाय, तो काढू नकोस. आणि नळ्या टिश्यूने पुसू नकोस गं.

२१ नोव्हेंबर

डेक्स्ट्रान आणि झँथनचं सत्र आज परत लावलं, सप्टेंबरपासून राहिलं होतं. प्लेटी ३० अंशाला. रविवारी येऊन मोजेन.

२४ नोव्हेंबर

डेक्स्ट्रान: काही नाही, आधीसारखंच. झँथन: वाचवलं, पण मागच्यापेक्षा निम्मंच. नवी बाटली आहे, लॉट वेगळा. पायरुव्हेट किती आहे ते बाटलीवर लिहिलेलं नाही. कंपनीला ईमेल केलाय.